उन्हाळी

तिबिलिसीच्या मेट्रोत, जमिनीच्या पोटात,
सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी काचेचं एक खोकं आहे.
त्यात त्सिआला बसते.
तीन पडदे, एक माइक, एक लाल बटण,
आणि वरून उतरत येणारी माणसं,
ज्यांचे चेहरे तिला बुटांनंतर दिसतात.
कुणी पडलं की बटण दाबायचं.
सव्वीस वर्षांत अकरा वेळा दाबलं.
बाकी नुसतं बघायचं.

बदली बाई आल्याशिवाय उठता येत नाही.
बदली बाई म्हणजे नानुली, दोन स्टेशनांना मिळून एक.
तिला बोलवायचं तर वर फोन,
आणि वरचा तो पोरगेला जुराब विचारणार,
"अर्जंट आहे का?"
बावन्न वर्षांच्या बाईने करंगळी वर करायची!
त्यापेक्षा पाणीच न पिणं सोपं.
तिने ते शिकून घेतलं, जसं कुणी विणकाम शिकतं.
सकाळी अर्धा कप चहा, दुपारी पावाचा कोरडा तुकडा,
आणि बाटली पिशवीत, भरलेली,
पाळीभर सोबतीला.

फेब्रुवारी. वर रस्त्यात बर्फाचा चिखल.
आणि त्सिआलाला उन्हाळी लागली.
(हा शब्द माझा. तिच्या भाषेत या जळण्याला
ऋतू आहे की नाही, मला ठाऊक नाही.)
थेंब, आणि थेंबागणिक निखारा.
जाऊन आली की पुन्हा जावंसं वाटे,
गेली की काही नाही.
एका रात्रीत नऊ वेळा.

शेजारची एतेरी म्हणाली, गार दगडावर बसली असशील,
मक्याच्या कणसाचे केस उकळून पी.
नणंद म्हणाली, माझ्या गोळ्या उरल्यात गेल्या हिवाळ्यातल्या.
चार होत्या.
चार घेतल्या. बरं वाटलं.
मग वाटेनासं झालं, पाठीतून हुडहुडी भरली.

डॉक्टर मारेख कागदावरून नजर न उचलता विचारतात,
दिवसातून किती वेळा जाता?
पाळी जाऊन किती वर्षं झाली?
साखर कधी तपासलीत? आईला होती?
आधी झालं होतं असं?
माइकवरून अख्ख्या जिन्याला दटावणारी बाई
इथे इतकी हळू बोलते
की तिला प्रत्येक उत्तर दोनदा द्यावं लागतं.

मग डॉक्टर चित्र काढतात.
बाईची वाट आखूड, हे बघा, दोन बोटांची.
पाळी गेली की दाराशी राखणीला असलेले चांगले जंतू पांगतात.
आतड्यात वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहणारे
पुढच्या दारी येतात.
लोंढा आला तर बरेचसे वाहून जातात.
तुम्ही लोंढाच धरून ठेवलात.
त्सिआलाला हे कुणी समजवायला नको.
जिना बंद पडला की माणसं खाली साचतात,
भिंतीला टेकतात,
आणि बघता बघता मुक्काम ठोकतात.

तपासणीच्या बशीत गुलाबी ठिपके उगवले होते,
सुंदर, खरं सांगायचं तर.
औषधाच्या चकत्यांभोवती मोकळी वर्तुळं.
एकीभोवती मात्र नाही,
तिथे ते अगदी काठाला टेकून निवांत बसलेले.
नणंदेची गोळी तीच.

नवी गोळी, सात दिवस.
"बरं वाटलं तरी सात," डॉक्टर म्हणाल्या,
आणि मेट्रोच्या नावे शिक्क्याचा एक कागद दिला:
दर तीन तासांनी.

कागद आठवडाभर बाटलीशेजारी पडून होता.
आठव्या दिवशी अकरा वाजता तिने बाटलीचं झाकण उघडलं,
अर्धी संपवली, माणसं उतरत होती त्यांच्यासमोरच.
पाऊण तासाने फोन उचलला.
"अर्जंट आहे का?"
"नाही," त्सिआला म्हणाली. "वेळ झाली आहे."

नानुली धापा टाकत आली,
तिच्या खुर्चीवर, जरा तिरकी, एका बाजूवर बसली.
पडद्यांवरची नजर न काढता तिने विचारलं,
"तो कागद... कुठल्या डॉक्टरांनी दिला?"